गगनबावड्याच्या अलीकडे

कोल्हापूरहून सांगलीकडे निघालेला प्रवासी हातकणंगले ओलांडून जयसिंगपुरात शिरला की एक गोष्ट त्याच्या ध्यानात येते. या गावाच्या गल्ल्या सरळ आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव आखून वसविले. त्यामुळे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच अधिक ओळखल्या जातात. जुन्या व्यापारी घरांची ठेवणही बहुधा ठरलेली आहे. पुढे पेढी, मध्ये राहते घर आणि मागे शहाबादी फरशीचे आवार. पुढच्या दाराने माल विकला जातो. मागच्या दाराने तो येतो, आणि घरातले जे काही नादुरुस्त असेल तेही तिथेच उघडले जाते.

अशाच एका आवारात एक पांढरी ओमनी उभी असते. मारुतीने १९८४ साली बाजारात आणलेली आणि २०१९ मध्ये थांबविलेली ही गाडी दक्षिण महाराष्ट्रातल्या किती पेढ्यांनी वापरली याची गणती नसेल. सोमवार ते शनिवार मागची आसने काढून गुळाच्या ढेपा आणि किराण्याची पोती न्यायची, रविवारी तीच आसने बसवून घरातली माणसे न्यायची. ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरांचे छोटेसे इंजिन पुढच्या आसनांखाली बसविलेले. चालविणारा जणू इंजिनावरच बसलेला असतो; उन्हाळ्यात त्याची ऊब थेट अंगाला लागते. पण या रचनेत एक सोयही आहे. आसन उचलले की घरातल्या माणसाला इंजिन पाहता येते.

कार्तिकातल्या एका सकाळी या गाडीखालच्या फरशीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला. एरवी कोणी त्याकडे लक्ष दिले नसते. परंतु दहा दिवसांनी कणकवलीला घरच्या लेकीच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता, आणि सात माणसे, दोन डबे व एक पाळणा घेऊन ही ओमनी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरणार होती. पाळणा लेकीसाठीच होता. मार्गशीर्षात तिचे दिवस भरत होते.

घरातले कर्ते, ज्यांना सारी गल्ली आण्णा म्हणते, त्यांनी डाग पाहिला आणि गाडीत ठेवलेली लहान वही काढली. पेढीची खतावणी लिहिणाऱ्या हाताला गाडीचाही हिशेब ठेवल्याशिवाय राहवत नाही. पेट्रोल, हवा, तेल, सारे तारीख आणि किलोमीटरसह लिहिलेले. जूनमध्ये इंजिन ऑइल अर्धा लिटर वर घातले होते. ऑगस्टात पुन्हा अर्धा. सप्टेंबरात दोनदा. गुळाला घट येते, तशी तेलालाही येत असेल, असे म्हणून प्रत्येक वेळी भर घातली गेली होती. एकेक नोंद पाहता काहीच वावगे नव्हते. सलग वाचल्यावर मात्र स्पष्ट दिसत होते की, ज्या इंजिनात सगळे मिळून तीन लिटरच्या आसपास तेल मावते, त्यातून चार महिन्यांत दोन लिटर नाहीसे झाले आहे.

“ही घट न्हवं,” आण्णा म्हणाले. “ही गळती आहे.”

नातू इचलकरंजीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला. त्याचे म्हणणे असे की, गॅरेजला गाडी टाकली तर चार दिवस मोडतील. हे काम घरीच होईल. “आण्णा, वरच्या कव्हरचं गॅस्केट गेलेलं असणार. पाच-सहा बोल्टांचं काम आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.”

आण्णांनी होकार दिला, पण आधी गळती कोठून आहे ते दाखव, या अटीवर.

ही अट वाटते तेवढी सोपी नसते. तेल जेथून निघते तेथे पडत नाही. ते इंजिनाच्या अंगावरून ओघळते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, एखाद्या बोल्टाच्या टोकाशी साठते आणि तेथून ठिबकते. म्हणून गळतीचा शोध धुण्यापासून सुरू होतो. रविवारी इंजिन थंड असताना बॅटरीची तार सोडवून, ब्रश आणि रॉकेल घेऊन, वर्षानुवर्षांचा तेल-धुळीचा थर नातवाने खरवडून काढला. अंग पूर्ण सुकल्यावर सांध्यांवर कॅरमची पावडर भुरभुरली. मग साखरेच्या पिशव्यांचा एक मोठा खोका फाडून तो पुठ्ठा गाडीखाली अंथरला आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेन्सिलीने आखली. आता थेंब पडला तर तो इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडला हे सांगता येणार होते. रंगही कळणार होता. तपकिरी-काळे ते इंजिनाचे, हिरवट ते रेडिएटरचे पाणी, आणि उग्र वासाचे जाड तेल गिअरबॉक्सचे.

पहिल्या दिवशी नातवाचा अंदाज खरा ठरल्यासारखा दिसला. वरच्या झाकणाखाली पावडर ओली झाली होती. झाकण उघडले तर रबराचे गॅस्केट उष्णतेने इतके कडक झालेले की काढताना काचेच्या बांगडीसारखे मोडले. गावातल्याच दुकानातून नवे आणून त्याने ते बसविले आणि बोल्ट अंगातली सगळी ताकद लावून आवळले. येथे त्याची पहिली चूक झाली. झाकणाचे गॅस्केट ताकदीने बसत नाही. ते सारख्या दाबाने बसते. मधल्या बोल्टापासून आळीपाळीने बाहेरच्या बोल्टांकडे, थोडेथोडे आवळायचे असते. अति आवळले की रबर कोपऱ्यातून बाहेर फुगते आणि नव्या गॅस्केटमधूनही तेल येऊ लागते. सोमवारी तसेच झाले. आणखी एक गॅस्केट खर्ची पडले. मात्र या दुसऱ्या खेपेला त्याला एक महत्त्वाची गोष्ट सापडली. इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणारी जी बारीक नळी आणि तिची झडप असते, ती मेणचट काजळीने बुजली होती. पोटातला वायू कोंडला की तो वाट शोधतो, आणि जो सांधा सर्वांत दुबळा असेल तेथून तेल बाहेर ढकलतो. नळी न पाहता नुसती गॅस्केटे बदलत राहणे म्हणजे उधारी थांबविल्याशिवाय वसुलीची माणसे वाढविणे होय.

बुधवारपर्यंत झाकण कोरडे राहिले. पुठ्ठ्यावर मात्र थेंब पडतच होते. कमी, पण पडतच होते. गुरुवारी सकाळी नातवाने विजेरी घेऊन गाडीखाली अंग सरकविले आणि बराच वेळ तो बाहेर आला नाही.

“काय रे बाळ?”

“आण्णा, टायमिंग बेल्टच्या कव्हरच्या खालून येतंय.”

हे वाक्य साधे असले तरी त्याने दुरुस्तीचे सारे स्वरूप पालटले. इंजिनात दोन दांडे असतात. खालचा क्रँकशाफ्ट पिस्टनांच्या जोरावर फिरतो; वरचा कॅमशाफ्ट झडपांची उघडझाप करतो. खालच्याचे दोन फेरे होतात तेव्हा वरच्याचा बरोबर एक व्हावा लागतो. हे नाते या इंजिनात रबराचा एक दातेरी पट्टा सांभाळतो. तोच टायमिंग बेल्ट. त्याच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात, म्हणून तो ताणत नाही. परंतु तेल हा त्याचा शत्रू आहे. दांड्यांच्या तोंडाशी बसविलेली रबरी सील झिजली की तेल आत, थेट पट्ट्यावर उडते. रबर फुगते, दाते मुळाशी चिरतात. तुटताना पट्टा बहुधा आधी सांगत नाही. चालती गाडी एका क्षणात बंद पडते. काही इंजिनांत तेवढ्यावर निभावते, काहींत पिस्टन उघड्या झडपांवर आदळून सारे इंजिन उतरवावे लागते. आणि गाडी त्या वेळी घाटात असेल, तर इंजिन थांबताच ब्रेकच्या बूस्टरला मिळणारी मदतही एक-दोन दाबांत संपते. पुढे पायाखालचा ब्रेक दगडासारखा लागतो.

आण्णांनी पुन्हा वही चाळली. पट्टा बदलल्याची नोंद कोठेही नव्हती. गाडी त्यांनी दुसऱ्या हाताने घेतली होती आणि मागच्या मालकाला त्यांनी टायर विचारले होते, कागद विचारले होते, पट्टा विचारला नव्हता. मीटर एक लाखाच्या पुढे गेला होता. बहुतेक गाड्यांचे कारखाने साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यान पट्टा बदलण्यास सांगतात. एवढे होऊनही तो चालत होता, हे खरे तर नशीबच.

शुक्रवारी आजोबा-नातू मिरजेकडून येणाऱ्या पॅसेंजरने कोल्हापूरला निघाले. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस, रुळाला समांतर रस्त्यावर हंगामाच्या पहिल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आणि रुकडीपाशी पंचगंगेवरचा पूल. या नदीकाठच्या उसाने कोल्हापूरला गूळ दिला हे सर्वांना ठाऊक असते. त्याच उसाने यंत्रेही दिली, हे फारसे बोलले जात नाही. शेताला पाणी उपसायचे तर इंजिन हवे, गुऱ्हाळ चालवायचे तर इंजिन हवे. पलूसकडे किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना उभा होताच. इकडे कोल्हापूरच्या कारागिरांनी बंद पडलेली इंजिने उघडली, उघडता उघडता त्यांचे सुटे भाग ओतायला शिकले, आणि त्यातून शहराच्या पोटात लेथ, ड्रिल आणि भट्ट्यांची एक वस्ती वाढली.

ती वस्ती म्हणजे शिवाजी उद्यमनगर. स्थानकावरून रिक्षाने तेथे पोचायला वेळ लागत नाही, पण पोचल्यावर कानांना जग बदलल्याचे कळते. एका दाराआड लेथवर दांडा सोलला जातो, दुसऱ्यात सिलिंडरचे बोअरिंग चाललेले, तिसऱ्यात निळसर तेलाने माखलेला एक पोरगा रेती झाडतो आहे. लोखंडाच्या किसाचा आणि तापल्या तेलाचा वास दुपारी सबंध गल्लीवर टांगल्यासारखा राहतो. गूळबाजारातल्या माणसाला ही गल्ली परकी वाटू नये. येथेही माल हातात घेऊन, नखाने खरवडून, वजन करून पाहिला जातो, आणि शब्दावर उधार दिला जातो.

सुट्या भागांच्या दुकानदाराने आधी चेसिस क्रमांक विचारला. मग न मागितलेल्या वस्तूही काउंटरवर मांडू लागला. पट्टा, कॅमचे सील, क्रँकचे सील, टेन्शनरचे बेअरिंग.

“आम्हाला पट्टा आणि वरचं सील पाहिजे,” आण्णा म्हणाले. चार वस्तूंच्या गिऱ्हाइकाला सहा वस्तू कशा द्याव्यात हे त्यांना आयुष्यभराच्या धंद्याने शिकविले होते, त्यामुळे दुसऱ्याचा हात त्यांना चटकन ओळखू येई.

“शेठजी, एवढं सगळं उघडून आत जाणार, आणि जुनं बेअरिंग तसंच ठेवणार? वरचं सील गेलंय तर खालचं त्याच वयाचं आहे. दोन महिन्यांनी ते गेलं की नवा पट्टा पुन्हा तेलात. मग माझ्याकडं याल, आणि त्या वेळी मला शिव्या द्याल.”

आण्णांनी सील उचलले. काठावर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे तीन आकडे उठविलेले होते. शेजारी त्याच मापाचे अर्ध्या किमतीचे दुसरे सील होते. त्याचे आकडे पुसट, आणि ओठाच्या आतली बारीक स्प्रिंग सैल. हलक्या केशराच्या डबीवरची छपाई त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी महाग सील घेतले. बेअरिंगही घेतले.

शनिवारी काम सुरू झाले. गाडी जॅकने उचलून दोन लोखंडी स्टँडांवर ठेवली, मागच्या चाकांमागे दगड लावले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. या बाबतीत आण्णांनी नातवाचे काहीच ऐकले नाही. स्पार्क प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. पुढच्या पुल्या आणि कव्हर निघाले आणि पट्टा दिसला. पाठ तेलाने चकचकीत. नातवाने तो बोटांत उलटा वाकविला तेव्हा तीन दात्यांच्या मुळाशी केसासारख्या चिरा उघडल्या, आणि एका ठिकाणी आतला दोरा पांढरा दिसला.

आवारात कोणी काही बोलले नाही. स्वयंपाकघराच्या दारातून पाहणाऱ्या आजीने, जिला सारे अक्का म्हणतात, एवढेच विचारले, “यावरच बसून गेल्या महिन्यात लेकीला आणलं होतं न्हवं?”

कॅमचे सील संध्याकाळपर्यंत बदलून झाले. क्रँकच्या सीलापर्यंत जाण्यासाठी मात्र मधला मोठा बोल्ट सुटायला हवा होता, आणि तो सुटेना. पान्याला लोखंडी नळी लावली, नातवाने अंगाचा भार दिला. पाना घसरून बोटांची सालटी निघाली, बोल्ट जागेवर. दिवेलागण झाली. अर्धवट उघडलेली गाडी, रविवारी पहाटेची निघण्याची वेळ, आणि घरात बांधून ठेवलेले डबे.

“आण्णा, खालचं सील कोरडंच दिसतंय. पट्टा चढवतो, आपण जाऊन येऊ. आल्यावर बघू.”

हा क्षण प्रत्येक घरगुती दुरुस्तीत येतो. काम चुकल्याने होणारे नुकसान थोडे असते. उरलेले काम झाले असे मानून निघाल्याने होणारे मोठे. आण्णांनी कणकवलीला फोन लावला आणि व्याह्यांना सांगितले, “आम्ही रविवारी येत न्हाई. मंगळवारी येतो. गाडी उघडली आहे.” त्यांनी कारण लपविले नाही, आणि पलीकडून कोणी ते वाईटही मानले नाही.

रविवारी सकाळी पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा मिस्त्री आला. त्याने चहा घेतला, आपला लांब पाना लावला, आणि एका झटक्यात बोल्ट सोडवला. जे काम नातवाच्या खांद्यांना रात्रभर जमले नाही, ते योग्य हत्याराला एवढेच होते. सील बसवून तो दुसऱ्या कामाला गेला. “खुणा जुळवून पट्टा चढव. चालू करू नको. सांजला येतो.”

दोन्ही चक्रांवर कारखान्याने खुणा कोरलेल्या असतात. इंजिनाच्या अंगावर त्यांच्या समोरासमोर दुसऱ्या खुणा. चारही जुळल्या की पट्टा चढवायचा, सैल बाजू टेन्शनरकडे ठेवायची. नातवाने तसे केले. खुणा जुळलेल्या दिसत होत्या. किल्लीकडे त्याचा हात गेला.

“आधी हातानं फिरव. दोन फेरे.”

पान्याने क्रँक हळूहळू फिरला. पहिला फेरा, दुसरा फेरा. खालची खूण जागेवर आली. वरची आली नाही. एका दात्याने मागे राहिली. पट्टा चढविताना झडपांच्या स्प्रिंगांनी कॅम किंचित ढकलला होता आणि डोळ्यांना ते कळले नव्हते. तसेच चालू केले असते तर गाडी थरथरली असती, ताकद गेली असती. फरक अधिक असता तर त्याहून वाईट घडले असते. पट्टा पुन्हा उतरला, पुन्हा चढला. पुन्हा दोन फेरे. या वेळी दोन्ही खुणा आपापल्या जागी आल्या. टेन्शनरची स्प्रिंग बसली, बोल्ट आवळला. संध्याकाळी मिस्त्रीने पट्टा दोन बोटांत पिळून पाहिला आणि मान हलविली. पैसे त्याने फक्त बोल्टाचे घेतले.

जुने तेल एका डब्यात भरून मिस्त्रीच्या गॅरेजकडे गेले, जेथून ते गोळा करणारे नेतात. गटारात ओतलेले तेल कोणत्या ओढ्याला जाते हे जयसिंगपुरात, कृष्णा-पंचगंगेच्या दुआबात राहणाऱ्याला सांगायला नको. सोमवारचा दिवस गाडी गावातच फिरविली. पुठ्ठा कोरडा.

मंगळवारी पहाटे सात माणसे निघाली. कोल्हापूर मागे पडल्यावर रस्ता बालिंगे, कळे, साळवण असा सह्याद्रीकडे सरकतो. चढ जाणवत नाही; गवत उंच होत जाते, हवा ओलसर होते, आणि कोल्हापूरपासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा येतो. वर गगनगड, आणि पुढे जमीन संपल्यासारखी. येथून एक वाट भुईबावड्याला उतरते, दुसरी करूळला. जाताना या घाटात ब्रेकची परीक्षा असते, येताना इंजिनाची. कड्यावर गाडी थांबवून सर्वांनी डबे उघडले. खाली कोकण धुक्यात होते. नातू खाण्याआधी गुडघ्यांवर बसून गाडीखाली पाहत होता, आणि आण्णा त्याच्याकडे पाहत होते.

“दुसऱ्या गिअरात उतर,” ते म्हणाले. “घाई नाही आपल्याला.”

वैभववाडी, तळेरे करत दुपारी कणकवली आली. लेक नव्या घराच्या दारात उभी होती. पाळणा उतरला, डबे उतरले. रात्री सगळे झोपल्यावर आण्णांनी व्याह्यांच्या दुकानातला कोकमाचा एक रिकामा खोका मागून घेतला, फाडला आणि गाडीखाली सरकविला.

सकाळी त्यावर एक थेंब होता. नातवाने बोट लावून पाहिले. तेलच, पण नवे, स्वच्छ. आणि पट्ट्याच्या बाजूला नव्हे, तळाशी, जेथून जुने तेल काढले होते त्या बोल्टापाशी. तेल बदलताना त्या बोल्टाची तांब्याची जुनी चकती तशीच परत बसविली गेली होती. आण्णांनी वही काढली. टायमिंग बेल्ट, दोन्ही सील, बेअरिंग बदलल्याची तारीख आणि किलोमीटर तीत आधीच होते. त्याखाली त्यांनी लिहिले: एक थेंब, तळाचा बोल्ट. चकती नवी घालणे. मग वही नातवाकडे दिली आणि म्हणाले, “इथनं पुढं तूच लिही.”